हळदीचे चौकोन आणि दोन अंगठे

माझी नात सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. पोरीचा हात चांगला. कुत्र्यामांजरापासून माणसापर्यंत काहीही काढेल, ते हुबेहूब. एकदा तिने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने आमची म्हैस काढली. म्हैस बघायला आलेला व्यापारी आधी त्या भिंतीपाशी थांबला आणि म्हणाला, "ही मागल्या पायानं जरा लंगडती वाटतं." म्हैस लंगडतच होती. आम्ही ते त्याच्यापासून झाकून ठेवलं होतं. व्यवहार मोडला, पण माझा मुलगा पोरीवर रागावला नाही. उलट त्या भिंतीचा फोटो काढून त्याने वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. "बघा, चित्रानं म्हस पकडून दिली," असं सांगायचा.

म्हणून यंदा ती घरी आली आणि नुसते चौकोन काढायला बसली, तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

झालं असं की कॉलेजचं प्रदर्शन होतं. त्यात प्रत्येकाने एका जुन्या चित्रकाराला मानवंदना द्यायची होती. चित्रकार कसले, तर ज्यांच्या चित्रात झाड नाही, माणूस नाही, देव नाही, असली चित्रं ज्यांनी पहिल्यांदा काढली ते. आमच्या घरात मानवंदना हा शब्द नवा नाही. माझा नवरा फौजेत होता. पंधरा ऑगस्टला तो शाळेच्या मैदानात झेंड्यापुढे ताठ उभा राहायचा आणि मग दोन दिवस कंबर धरून बसायचा.

"मानवंदना म्हंजे बंदुका पायजेत की गं," मी नातीला म्हणाले.

"आज्जी, तो चित्रकार होता, शिपाई नव्हता. तो चौकोनात चौकोन काढायचा. मी पण चौकोनच काढणार, पण हळदीने. आपल्याकडची वस्तू म्हणून."

"किती चौकोन काढले त्यानं?"

"म्हातारपणी सुरुवात केली आणि मरेपर्यंत तेच काढले. वीस-पंचवीस वर्षं."

"आणि बायको काय म्हनत न्हवती?"

"ती पण कलाकार होती. ती माग चालवायची."

"तरीच," मी म्हणाले. घरात कुणीतरी कामाचं होतं म्हणायचं.

 जेवण झाल्यावर मुलगा हात धुताना बोलला. "शनवारी मी स्वता सांगलीला येतो. बघतो काय हाय ते. पटलं तर पुढलं वरीस कर. न्हाई पटलं तर तितनं नाव काढायचं आणि कऱ्हाडला औषधांच्या कोर्साला घालायचं. मी मुलाखत घेऊन आलोय तितल्या सरांची." मुलाखत तो देऊन आला असणार, घेऊन नाही, पण त्याची बोलायची पद्धत तशीच आहे.

नात "बरं" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तिचं ते "बरं" मला ऐकवलं नाही. रडली असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

चित्र घरीच करायचं होतं, कारण सांगलीच्या खोलीत ती चौकट मावत नव्हती. खाटेएवढी होती. तिच्यावर मांजरपाट ताणून बसवलेला. नातीने हळद गाळून घेतली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि कुंचल्याने हात दिला. सगळ्यात बाहेरच्या चौकोनाला एक हात, त्याच्या आतल्याला दोन, त्याच्या आतल्याला तीन आणि मधल्याला पाच. प्रत्येक हात वाळला की मगच पुढचा. चौकट तिने अंगणात उन्हाला लावली, तेव्हा मीच ओरडले. "हळद उन्हात उडती. वळचणीला घे." तेवढीच माझी कलेची सेवा. बाकी दिवसभर मी हसत होते. शेजारीण कुंपणावरून डोकावली तर तिलाही म्हणाले, "ये, हळद लावायला ये. नवरी कुटं हाय ते इचारू नगो."

बुधवारी चित्र पुरं झालं. नात डोकं धुवायला गेली आणि जाताना मला सांगून गेली, "आज्जी, हात लावू नकोस. ओलं आहे."

आता इथे मला आमच्या घरातली एक खोड सांगितली पाहिजे. आमच्यात डोळ्यावर कुणाचा भरवसा नाही. पापड वाळला का, अंगठा. सारवण वाळलं का, अंगठा. गुळाचा पाक घट्ट झाला का, अंगठा. माझी सासू तशी, मी तशी, माझा मुलगा माझ्यावर गेला. नवीन घराला गिलावा केला तेव्हा गवंड्याने त्याला तीनदा हाकललं होतं. अजूनही जिन्याच्या भिंतीत त्याचा अंगठा आहे.

आणि दुसरी गोष्ट. मी तंबाखू खाते. चुना लावून, मळून. डॉक्टर नको म्हणतो, मी त्याला हो म्हणते आणि खाते. मुलगाही खातो. ती खोडही माझीच.

तर मी ओसरीवर तंबाखू मळली, तोंडात टाकली, उठले आणि चित्रापाशी गेले. आधी लांबून बघितलं. ओलं आहे की वाळलंय कळेना. मग अंगठा लावला.

वाळलेलं होतं. पण अंगठा काढला तर खाली लालभडक ठसा.

हळदीला चुना लागला की कुंकवासारखं लाल होतं, हे कुठल्या बाईला माहीत नाही? मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. अंगठा लावायच्या आधी आठवलं नाही, एवढंच. पण उपायही मला माहीत होता. लिंबू. मी घरातून लिंबू आणलं, कापलं आणि ठशावर पिळलं. लाल गेलं. फार छान गेलं. मग लिंबाचा ओघळ खाली निघाला. मधल्या चौकोनातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि वाटेतली सगळी हळद धुवत खालच्या कडेपर्यंत. भिंतीवरून पाणी ओघळावं तसा पांढरा पट्टा. मी पदराने टिपायला गेले आणि पट्टा हाताएवढा रुंद झाला.

नात केस झटकत बाहेर आली आणि जागीच थांबली.

"आज्जी, हात लावलास?"

"मी? मी कशाला लावू? मांजर आलं आसंल."

तिने वास घेतला. "मांजर लिंबू पिळतं?"

 ती खाली वाकली. चौकट धरताना माझ्या दुसऱ्या हाताचं बोट कडेला लागलं होतं, ते मला दिसलंच नव्हतं. तिथे आणखी एक लाल डाग होता.

"आणि तंबाखू पण मळतं?"

मग ती पायरीवर बसली.  ओल्या केसांचं पाणी पाठीवर गळत होतं ते पुसलंही नाही. मी अर्धा तास आत भांडी आपटली. तरी ती तशीच. शेवटी मी बाहेर आले आणि म्हणाले, "कापड हाय का अजून?"

"आहे. पण दोनच दिवस राहिलेत. शुक्रवारी टेम्पो निघतो."

"मग उठ की. हितं बसून कापड आपोआप पिवळं हुनार हाय?"

"आधी चंची दे."

"का?"

"चंची दे, आज्जी. चुन्याची डबी पण. शनिवारी परत देईन."

दिली. त्यात माझी चूक होती, म्हणून दिली. पण सत्तर वर्षांच्या बाईकडून तंबाखू काढून घेणं सोपं नसतं, हे त्या पोरीला दोन दिवसांत कळलं. मी तिला सगळ्यावरून बोलले. कुंचला धरण्यावरून बोलले, जेवण टाकण्यावरून बोलले, त्या परदेशी म्हाताऱ्यालाही बोलले. पण हळद मी कुटली, मी चाळली, डिंक मी भिजवला. मुलगा येता-जाता बघायचा. "पुन्ना?" म्हणायचा. "पयलं काय झालं?" मी म्हणायचे, "पयलं सरावाचं हुतं." नात माझ्याकडे बघायची आणि कुंचला बुडवायची. तिने मला बापापुढे उघडं पाडलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

हात वाळेपर्यंत करायला काही नसायचं. तोंडात तंबाखू नाही, मग मी चौकटीपुढे पाट टाकून बसायचे आणि बघायचे. दुसरं बघायला होतं काय? गुरुवारी दुपार कलली, वळचणीला सावली आली, आणि मधला चौकोन हलला. खरंच सांगते. पुढे आला. उंबऱ्यात कुणी येऊन उभं राहावं तसा. मी डोळे चोळले, तर मागे गेला, खोल, विहिरीच्या तळाला पाणी दिसतं तसा. मी मान वाकडी केली, परत पुढे आला.

"अगं ए," मी हाक मारली. "मला चक्कर यायला लागली. तंबाखू न्हाई म्हनून हुतंय. चंची आन."

ती येऊन माझ्याशेजारी बसली. "काय होतंय?"

"त्यो मधला पुढं-मागं करतोय."

ती अशी हसली की तिचे सगळे दात दिसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. "तुला दिसलं? आज्जी, तेच आहे गं ते. तो म्हातारा वीस वर्षं तेच बघत बसला होता. रंग शेजारी कोण आहे ते बघून वागतो. एकटा असला की वेगळा, दुसऱ्याजवळ बसला की वेगळा."

"त्याला चित्र कशाला पायजे?" मी म्हणाले. "तुजा बाप तसाच हाय. घरात वाघ आणि ग्रामपंचायतीत शेळी."

पण मी पाट उचलला नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच बसले होते. हे मी शेजारणीला सांगितलं नाही.

शुक्रवारी आल्याच्या पोत्यांबरोबर चौकट टेम्पोतून सांगलीला गेली. मीही तिच्याबरोबर गेले. नातीने नको म्हटलं, पण मी ऐकलं नाही. टेम्पोवाल्याच्या तोंडात कायम तंबाखू असते. त्याच्या हाताजवळ ते चित्र एकटं सोडायला मी काही वेडी नव्हते. आमच्या उंब्रजपासून सांगलीपर्यंत मी चौकट धरून बसले आणि दोनदा त्याला हात धुवायला लावला. पिशवीत तीन लिंबं घेतली होती. लागली तर लागली. आता ती कशी लावायची हेही मला कळलं होतं, पिळायची नाहीत, कापसाने टिपायची.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. मोठा हॉल, पांढऱ्या भिंती. मी सगळं फिरून बघितलं. एकाने अख्खं कापड काळं करून टांगलं होतं. एकीचे लाल-निळे-पिवळे डबे होते, काळ्या रेघांनी आखलेले, माझ्या एका लुगड्याचा पदर तसा होता. एका पोराने पांढऱ्यावर पांढरं काढलं होतं. त्यात मी नाक खुपसून बघितलं तर रखवालदार म्हणाला, "आज्जी, लांबनं." मी म्हणाले, "लांबनं दिसत न्हाई." तो म्हणाला, "जवळनं बी न्हाई दिसत, मी सकाळधरनं बघतोय." मला तो माणूस आवडला.

परीक्षक दुपारच्या आधीच येऊन गेले. एक टक्कल पडलेले सर आणि एक बाई. हळदीपुढे बराच वेळ थांबले. बाई दोन पावलं मागे गेल्या, मग पुढे आल्या, मग परत मागे. मी मनात म्हणाले, हिलापण दिसला. सरांनी विचारलं, "हळद सांगलीची का?"

नात म्हणाली, "नाही सर, घरची. साताऱ्याकडची."

"उडून जाईल ती काही दिवसांत."

"माहीत आहे सर. आज्जीने सांगितलं होतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार केला. ते कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले. म्हणजे मार्कांचं काम उरकलं. हे मी मनात पक्कं धरलं. परीक्षक गेले, मार्क पडले. पण नातीचं पुढचं वर्ष त्यांच्या कागदावर नव्हतं, माझ्या मुलाच्या तोंडात होतं, आणि तो दोनच्या एसटीने येत होता.

आला. पांढरा सदरा, नवी चप्पल. दारात थांबून त्याने तंबाखू मळली. मी हॉलमधून बघत होते. चुना नेहमीपेक्षा जास्त घेतला. घाबरला की तो जास्त घेतो. तोंडात टाकली, हात झटकले आणि आत आला.

काळ्या कापडापुढून गेला. लाल डब्यांपुढून गेला. पांढऱ्याकडे त्याने बघितलंच नाही, त्याला वाटलं तिथे अजून लावायचं राहिलंय. मग हळदीपुढे येऊन उभा राहिला. नात हॉलच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर होती. तिने बापाला बघितलं आणि तिथेच उभी राहिली, हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तशी.

"आये, ह्यात काय हाय?"

"चौकोन."

"ते दिसतंय मला. ह्यात हाय काय?"

"बघ की."

"बघतोय." त्याने मान तिरकी केली. "हिला म्हशी काय झ्याक यायच्या, न्हवं का? लोकं वळकायची म्हशी." त्याचा आवाज पडला होता. तो रागावला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. पोरीच्या हातातून काहीतरी गेलंय असं त्याला वाटत होतं. तो कऱ्हाडचा कोर्स त्याच्या डोळ्यात दिसायला लागला. आणखी थोडा वेळ त्याने बघितलं, डोळे बारीक केले, आणि मग त्याला ते डोळ्याने उमजेना म्हणून तो एक पाऊल पुढे गेला.

हात वर आला. उजवा. अंगठा पुढे.

माझा आवाज तीन वावरं पलीकडे जातो. वैरण आणायला गेलेल्या माणसाला मी ओसरीवरून हाक मारते. मला भरपूर वेळ होता. मी तोंड उघडलं नाही.

त्याने अंगठा मधल्या चौकोनावर टेकवला, दाबला आणि उचलला.

लाल. डाव्या बाजूला जरा पुसट, मध्ये ठळक, रेघान्‌रेघ उमटलेली. गिलाव्यातला अंगठा आणि हा, दोन्ही एका माणसाचे हे कुणालाही कळलं असतं.

"ओ, ओ काका!" रखवालदार धावला. "हात लावू नये लिवलंय की! वाचता येत न्हाई व्हय?"

तहसीलदाराशी वाद घालणारा माझा मुलगा. एसटीत कंडक्टरला खाली उतरवणारा. तो अंगठा पुढे धरून उभा होता, काटा रुतलेल्या पोरासारखा. सगळा हॉल बघायला लागला. नात पळत आली.

"पप्पा!"

"मी... वाळलंय का बघत हुतो."

तिने ठसा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होते.

"ह्ये निघतंय का?" तो विचारत होता. "साबन लावू का? मी पानी आनतो."

"साबण नको! साबणाने आणखी लाल होईल. लिंबू लागतं. आज्जी, लिंबू आणलंस का?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "कोन आनतंय लिंबं."

पिशवी माझ्या काखेत होती.

मग माझ्या मुलाने असं काही केलं, जे मी त्याच्या जन्मापासून बघितलं नव्हतं. तो पोरीला म्हणाला, "चुकलं माजं." एवढंच.  "असू दे पप्पा, परीक्षा झाली," ती म्हणाली. पण त्याचं समाधान झालं नाही. बाहेर जाऊन तोंडातली तंबाखू थुंकली, हात धुतले, दोनदा धुतले, आणि परत येऊन चित्राच्या बाजूला उभा राहिला. रखवालदाराच्या वरताण. कुणी जवळ आलं की, "लांबनं बघा, लांबनं. हळद हाय. चुन्याचा हात आसंल तर मागं व्हा." एका माणसाने विचारलं, "हा लाल ठिपका कशाचा?" तर म्हणाला, "ते माजं हाय, त्याकडं बघू नगा. बाजूचं बघा."

तास दीड तास तसा उभा होता. उन्हं खिडकीतून सरकली. मी भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. एवढ्यात तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "आये, ह्यो मधला पुढं सरकतोय का? का मलाच वाटतंय?"

"तंबाखू थुकलास न्हवं, त्यानं हुतं," मी म्हणाले. "बघत राहा."

तो बघत राहिला.

नात आम्हाला सोडायला स्टँडवर आली होती.  मग मुलगा लांबच्या फलाटाकडे बघत म्हणाला, "पुढल्या वर्साचा फॉर्म कवा असतोय?"

"जूनमध्ये," नात म्हणाली.

"मला आठवण कर. इसरायचो मी."

नातीने तिच्या पिशवीतून माझी चंची काढून माझ्या हातात दिली. कराराप्रमाणे. देताना माझ्या पिशवीला तिचा हात लागला, आणि आतली लिंबं तिला नक्की लागली असणार, गोल वस्तू लपत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "गाडी लागली, चल."

लिंबं दुसऱ्या दिवशी पोह्यांवर पिळली. मुलगा म्हणाला, पोहे झकास झालेत.